तापात वाढलेला विषाणू

१

ज्या जांभळ्या थरावर एकही छिद्र दिसायला नको होतं, त्याची चाळण झाली होती.

१३ डिसेंबर २०१०, सोमवार, सकाळचे दहा. कोथरूडच्या पलीकडे एका सॉफ्टवेअर कंपनीच्या इमारतीत, खालच्या दोन मजल्यांवर, आरोहण संशोधन केंद्र होतं. तिथल्या प्रयोगशाळेत दिग्विजय निंबाळकरने ती प्लेट खिडकीच्या उजेडात धरली, दोनदा फिरवून पाहिली आणि कोणाशी काही न बोलता डॉ. यज्ञेश्वर आगाशे यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. अकरा वाजता चहाच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं होतं की चैताली राजवाडेचा विषाणू खोटा निघाला.

सव्वाअकराला आगाशेंनी गुणवत्ता कक्षातल्या पूर्णिमा मेश्रामला बोलावलं.

पूर्णिमाला प्लेटकडे बघूनच प्रकरण किती गंभीर आहे ते समजलं. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. त्यांपैकी तीन तुकडे मिळून विषाणूच्या प्रती काढणारं यंत्र घडवतात. झेरॉक्सचं यंत्रच म्हणा. त्यातल्या एका तुकड्यात चैतालीने चार वर्षं खपून एक बदल केला होता. बदल इतका बारीक, की जाडजूड पुस्तकातलं एक अक्षर बदलावं. परिणाम मात्र मोठा. बदललेला विषाणू ३३ अंशांवर, म्हणजे नाकातल्या गारव्यात, झकास वाढायचा. ३९ अंशांवर, म्हणजे ताप चढलेल्या फुफ्फुसात, त्याचं यंत्र अडून बसायचं. असा विषाणू थेंबांनी नाकात सोडला, तर शरीराला शत्रूची ओळख होते आणि आजार मात्र होत नाही. चैतालीला त्याची लस करायची होती.

चाचणी सोपी होती. प्लेटच्या खळग्यात जिवंत पेशींचा थर वाढवायचा आणि त्यावर विषाणू सोडायचा. तो जिथे वाढेल तिथल्या पेशी मरून थराला छिद्र पडतं. उरलेला थर जांभळा रंगवला, की छिद्रं मोजता येतात. आधी दोन वेळा चैतालीने ही चाचणी केली होती आणि दोन्ही वेळा ३९ अंशांची प्लेट कोऱ्या कापडासारखी अखंड होती. ही तिसरी आणि शेवटची. शुक्रवारी बाहेरच्या तज्ज्ञांची समिती येणार होती. चैतालीचा विषाणू आणि दिग्विजयचा विषाणू, या दोघांतला एक पुढच्या चाचण्यांसाठी निवडला जाणार होता.

"दोन शक्यता आहेत," आगाशे म्हणाले. "एक तर विषाणूने रंग बदलला. नाहीतर राजवाडेबाईंनी आधी दोनदा आपल्याला रंगवून गोष्ट सांगितली. तुम्ही शोधा."

पूर्णिमाने आधीच सांगून टाकलं, की चैतालीचे आपल्यावर उपकार आहेत. दुसरं कोणी नेमावं. गेल्या वर्षी स्वाइन फ्लूच्या साथीत पूर्णिमा सदाशिव पेठेतल्या खोलीत तापाने फणफणली होती. घरमालकीण जिन्यातून ओरडून बोलायची आणि मैत्रिणी गावी पळाल्या होत्या. भंडाऱ्याहून आईला यायला जमत नव्हतं. तेव्हा तोंडाला रुमाल बांधून, जेमतेम ओळख असलेली ही चैताली सलग सात दिवस डबा घेऊन दारात उभी राहिली होती.

आगाशेंनी चष्मा पुसला. "इथे प्रत्येकावर कोणाचे ना कोणाचे उपकार आहेत. बिनउपकाराचा माणूस आणायचा तर जाहिरात द्यावी लागेल. शुक्रवारी साडेअकरापर्यंत मला उत्तर हवंय. नसेल, तर तिच्या आधीच्या दोन्ही चाचण्या खोट्या होत्या, असं मला समितीला सांगावं लागेल. मग पीएचडी विसरा."

२

पूर्णिमाने आधी घटनांचा क्रम लावला.

गुरुवारी सकाळी चैतालीने दोन सारखे संच तयार केले, एक ३३ अंशांसाठी, दुसरा ३९साठी. प्रत्येक संचात एक प्लेट बदललेल्या विषाणूची आणि एक मूळ विषाणूची, तुलनेसाठी. दुपारी तिला थंडी वाजून आली. ताप आलेल्या माणसाने प्रयोगशाळेत थांबायचं नाही, हा नियम. प्लेट तशाच टेबलावर ठेवून ती रिक्षाने घरी निघाली आणि वाटेतून तिने भीमरावांना फोन केला.

भीमराव ओव्हाळ हे प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने सहायक. बिबवेवाडीहून रोज दोन बस बदलून यायचे. त्यांनी एक संच छोट्या उबवण यंत्रात ठेवला, दुसरा मोठ्यात. शुक्रवार ते रविवार यंत्रांच्या आतल्या खोलीत त्यांच्याशिवाय कोणी गेलं नाही. सोमवारी आठला त्यांनी दोन्ही संच बाहेर काढले आणि यंत्रं पुसण्यासाठी बंद केली. नऊला दिग्विजय आला. चैताली आजारी, म्हणून प्लेट रंगवून मोजण्याचं काम त्याच्याकडे होतं.

म्हणजे त्या प्लेटना हात लावणारी माणसं तीन.

दिग्विजय पहिल्याच प्रश्नाला उखडला. चैतालीचा विषाणू बाद झाला तर फायदा कोणाचा, हे पूर्णिमाने अजून विचारलंही नव्हतं.

"पाऊस पडला की छत्रीवाल्याचा फायदा होतो," तो म्हणाला. "म्हणून पाऊस त्याने पाडला असं होत नाही, मॅडम."

पूर्णिमाने त्याला फक्त काय काय केलं ते सांगायला सांगितलं. मग तो जरा निवला. प्लेटवरचा द्रव काढला, थर रंगवला, छिद्रं मोजली. द्रव कसा होता, असं तिने विचारलं. छान होता, तो म्हणाला, जत्रेतल्या बुढ्ढीच्या बालांसारखा गुलाबी. बुरशी नाही, गढूळपणा नाही. सवयीने त्याने रंगवण्याआधी फोटोही काढला होता. तो फोटो आणि मोजणीचा कागद त्याने तिला दिला. बदललेल्या विषाणूच्या रकान्यात ३९ अंशांसाठी आकडा होता : बहात्तर. मूळ विषाणूच्या रकान्यात नुसतं लिहिलं होतं : वाढ आहे.

भीमराव हात धुऊन आले आणि उभेच राहिले. पूर्णिमाने खुर्ची पुढे केली तेव्हा कडेवर टेकले. ते म्हणाले, मोठ्या साहेबांनी सकाळीच विचारलं होतं, तापमान बरोबर होतं का. बरोबरच होतं. ताईंनी सांगितलं तेवढंच ठेवलं. कागदावरही तसं लिहिलंय. पूर्णिमाने कागद पाहिला. 'तापमान सूचनेप्रमाणे आहे का?' या प्रश्नापुढे रोज सकाळ-संध्याकाळ 'होय'वर स्वच्छ टिकमार्क होता. एकही दिवस चुकला नव्हता, रविवारसुद्धा.

आगाशेंनी स्वतः थर्मामीटर लावून मोठं यंत्र तपासलं होतं. ते सांगाल तितकं तापमान बिनचूक ठेवत होतं.

मग उरलं काय? चैतालीचा ताप. ती प्लेट भरत होती तेव्हाच तिच्या श्वासात फ्लू असला, आणि तो प्लेटमध्ये उतरला असला, तर छिद्रं तिच्या विषाणूने पाडली नव्हती. तिच्या आजाराने पाडली होती.

पूर्णिमाला एकदम हायसं वाटलं. हा कोणाचाच गुन्हा नव्हता. तिने त्याच दुपारी छिद्रांमधल्या विषाणूचा जपून ठेवलेला नमुना जनुकं वाचण्यासाठी पाठवला.

३

बुधवारी दुपारी अहवाल आला. पूर्णिमाने तो दोनदा वाचला.

नमुन्यात फक्त एकच विषाणू होता, चैतालीचा. तिने केलेला बदल जागच्या जागी होता. अक्षर परत फिरलं नव्हतं, दुसरीकडे कुठे नवा बदल झाला नव्हता आणि बाहेरच्या फ्लूचा मागमूस नव्हता.

म्हणजे विषाणू खरा होता, बदल खरा होता, आणि तरीही तो वाढला होता. आगाशेंनी अहवाल वाचून घडी घातली. बदल असूनही विषाणू तापात वाढतो, याचा अर्थ बदलाचा काही उपयोग नाही. मग आधीच्या दोन अखंड प्लेट आल्या कुठून? विषाणू न घालताच थर रंगवला, तर प्लेट अखंड येते. ते कोणालाही जमतं.

"मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. त्यात कौतुक नव्हतं.

संध्याकाळी पूर्णिमा कोथरूडला चैतालीच्या घरी गेली. ताप उतरला होता, पण चेहरा पांढराफटक. पूर्णिमाने तिला अहवालाबद्दल सांगितलं. चैताली चादरीचं टोक चुरगाळू लागली.

"तुला पण वाटतं मी रिकाम्या प्लेट रंगवल्या?"

"मला काय वाटतं ते विचारू नकोस. भीमरावांना फोनवर किती तापमान सांगितलंस?"

"थर्टी-नाइन. आणि काकांनी परत विचारून घेतलं, मी परत तेच सांगितलं. छोटं यंत्र नेहमी थर्टी-थ्रीवरच असतं, तरी तेही सांगितलं. पूर्णिमा, मी तापात होते, पण भ्रमात नव्हते."

पूर्णिमा परतताना बसच्या खिडकीशी बसली. भीमराव म्हणतात, सांगितलं तेवढं ठेवलं. चैताली म्हणते, ३९ सांगितलं, दोनदा. यंत्र बिनचूक, विषाणू अस्सल. सगळे खरं बोलत असतील, तर छिद्रं पडूच शकत नव्हती. आणि छिद्रं तर होती, बहात्तर.

४

गुरुवारी सकाळी तिने कपाटातून सगळ्या प्लेट काढल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या. गुन्हेगार प्लेटकडे सगळ्यांचंच बघून झालं होतं, म्हणून तिने सुरुवात निर्दोष प्लेटपासून केली. मूळ विषाणूची, ३९ अंशांची. जिच्यापुढे दिग्विजयने नुसतं 'वाढ आहे' लिहिलं होतं.

वाढ होती. पण कसली? तीन मिणमिणती छिद्रं, सुईच्या टोकाएवढी. चौथं आहे की रंगाचा डाग आहे, हे भिंगातूनही ठरेना.

तिने चैतालीच्या आधीच्या दोन चाचण्यांचे फोटो शेजारी ठेवले. त्यांत मूळ विषाणूने ३९ अंशांवर साबुदाण्याएवढी ठसठशीत छिद्रं पाडली होती. एकात ऐंशी, दुसऱ्यात शहाऐंशी. मूळ विषाणू ताप पचवतो. म्हणून तर तो माणसाला आडवा करतो. मग या वेळी त्याला काय झालं?

सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता : बदललेला विषाणू का वाढला? त्याच्या शेजारी मूळ विषाणू का वाढला नाही, हे कोणी विचारलं नव्हतं.

तिने दिग्विजयला बोलावून प्लेट दाखवली. तो भिंगातून पाहत राहिला, मग भिंग खाली ठेवलं. त्याने मूळ विषाणू मोजलाच नव्हता. तो नेहमी वाढतोच, तर मोजायचा कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. बाजूची प्लेट बघून आनंद झाला होता, हेही त्याने गोरामोरा होत कबूल केलं. आनंद झालेल्या माणसाने मोजणी करू नये, एवढंच पूर्णिमा म्हणाली.

तो गेल्यावर तिने त्याचा फोटो उघडला. प्लेटमधल्या द्रवात एक दर्शक रंग असतो. पेशी उबेत जोमाने जगत असल्या की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो पिवळा पडतो. ३३ अंशांच्या संचात तो नारिंगी झाला होता. ३९च्या संचात पार पिवळा व्हायला हवा होता. तो होता गुलाबी. बुढ्ढीच्या बालांसारखा, नुकताच ओतल्यासारखा.

दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. त्या यंत्रात पेशी मंदावल्या होत्या, मूळ विषाणू आखडला होता, आणि मजेत होता तो फक्त चैतालीचा विषाणू, ज्याला गारवा मानवतो.

त्या यंत्रात चार दिवस ताप नव्हताच. थंडी होती.

५

भीमराव डबा उघडून बसले होते. पूर्णिमाने त्यांचं जेवण होऊ दिलं. मग शेजारी स्टूल ओढून तिने तो प्रश्न विचारला, जो सोमवारपासून कोणी विचारला नव्हता.

"काका, मोठ्या यंत्रात तापमान किती ठेवलं होतं?"

"एकोणतीस," भीमराव म्हणाले.

पूर्णिमा त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी बोटाने टेबलावर आकडा काढून दाखवला. दोन, नऊ.

एकोणचाळीस नव्हे ना, असं तिने विचारलं. भीमरावांना ते जरा लागलं. ऐकण्यात चूक नको म्हणून त्यांनी फोनवर स्वतःहून उलट विचारलं होतं, एकोणतीस ना ताई? आणि ताई म्हणाल्या होत्या, हो काका, एकोणतीस. इतकं थंड का, असं त्यांच्याही मनात आलं होतं. पण पुढच्या महिन्यात थंडीतल्या वाढीची चाचणी करायची, असं साहेबांच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं. वाटलं, ती सुरू झाली असेल.

"मग हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

"साहेबांनी विचारलं, बरोबर होतं का. बरोबर होतं. किती होतं, हे कोणी विचारलं नाही." मग डब्याचं झाकण लावत ते हळूच म्हणाले, "पूर्वी कागदावर आकडा लिहायचो, मॅडम. आता टिक करतो."

पूर्णिमाचे कान तापले. पूर्वीच्या कागदावर तापमानाचा रकाना होता आणि भीमराव त्यात रोज मराठी आकडे काढायचे, वळणदार. गेल्या वर्षी बाहेरून आलेल्या तपासनिसांना ते वाचता येईनात. तेव्हा रकाना काढून टाकून त्या जागी होय-नाहीचा प्रश्न कोणी घातला? गुणवत्ता कक्षाने. म्हणजे पूर्णिमाने. काम सुटसुटीत झालं म्हणून तिचं कौतुकही झालं होतं. एका माणसाचा आकडा तिनेच पुसला होता, आणि तोच आकडा ती चार दिवस शोधत होती.

पण कोडं सुटलं नव्हतं, उलट घट्ट झालं होतं. ऐकण्यातली चूक एकदा होते. इथे आकडा उलट विचारून पक्का केला होता. म्हणजे दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. एकीने तिला आजारपणात जगवलं होतं. दुसऱ्याच्या बारीक टिकमार्कांवर तिच्या कक्षाची अब्रू उभी होती.

कोथरूडच्या बसमध्ये ती मनातल्या मनात दोघांची वाक्यं शेजारी शेजारी ठेवत होती. थर्टी-नाइन, दोनदा. एकोणतीस, दोनदा. थर्टी-नाइन. एकोणतीस.

एकदम तिच्या लक्षात आलं. चैताली तिला बोलली होती इंग्रजीत. भीमरावांशी ती कुठल्या भाषेत बोलली होती?

६

दार चैतालीच्या आईने, राधाबाईंनी उघडलं. पूर्णिमा चपला काढता काढताच म्हणाली, "चैताली, फोनवर काकांना जे बोललीस ते तसंच्या तसं म्हण. शब्द बदलू नकोस."

चैताली गोंधळली. "म्हटलं, काका, छोटं तेहतीसवर आहे ना, मोठं एकोणतीसवर ठेवा. मराठीत म्हटलं. त्यांना इंग्रजी आकडे फोनवर नीट कळत नाहीत. मागे थर्टीन-थर्टीचा घोळ झाला तेव्हा सगळ्यांसमोर कोणीतरी त्यांना वाटेल ते बोललं होतं. तेव्हापासून मी ठरवलंय, काकांशी आकडे मराठीत."

"एकोणतीस म्हणजे किती?"

"थर्टी-नाइन. तीस आणि नऊ."

"आणि तेहतीस कसं बरोबर आलं?"

"ते तेहतीस कोटी देवांमुळे येतं."

"मग एकोणचाळीस म्हणजे?"

"फॉर्टी-नाइन." चैतालीने दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "नाही?"

स्वयंपाकघराच्या दारात राधाबाईंनी कपाळाला हात लावला. "एकोण म्हणजे एक उणा, बाई. तीसला एक उणा एकोणतीस. चाळीसला एक उणा एकोणचाळीस. लांबची शाळा, इंग्रजी शाळा, चांगली शाळा म्हणून घातलं हो हिला. विषाणूची आठ जनुकं तोंडपाठ आहेत, आणि शंभरपर्यंत आकडे येत नाहीत."

पूर्णिमाला हसू आलं आणि रडूही. साकोलीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे म्हणताना एकोण चुकला तर हातावर छडी बसायची. पुण्यात आल्यावर तिच्या बोलण्यातल्या 'करून राहिली'ला लोक हसायचे, आणि ती आपली भाषा जपून, पुसून बोलायला शिकली होती. आज तीच भाषा कामाला आली होती.

चैताली मात्र हसली नाही. तिला लगेच दुसरंच दिसलं. बाहेरचे लोक म्हणतील, सहायकाने तापमान चुकवलं. म्हातारा माणूस, इंग्रजी येत नाही, ऐकायला कमी येतं. मार्चमध्ये ते निवृत्त होणार. जाता जाता हा डाग.

"आणि मी गप्प राहिले तर माझं सुटतं," ती म्हणाली. "हेच सगळ्यांना पटेल. मला हे शुक्रवारी स्वतः सांगायचंय, पूर्णिमा. तू पुरावा मांड. चूक मी मांडते."

७

शुक्रवारी समितीपुढे पूर्णिमाने आधी मूळ विषाणूची प्लेट ठेवली, मग गुलाबी द्रवाचा फोटो, मग जनुकांचा अहवाल. कोणावरही विश्वास ठेवू नका, ती म्हणाली. फक्त पुन्हा करून बघा. माझं म्हणणं खरं असेल तर २९ अंशांवर हेच दिसेल, बदललेला वाढेल आणि मूळ आखडेल. ३९ अंशांवर नेमकं उलटं, जसं आधी दोनदा दिसलं होतं. रिकामी प्लेट रंगवणाऱ्याला कोरी प्लेट मिळते. मूळ विषाणूला थंडी वाजवणं त्याला जमत नाही.

बाहेरच्या तज्ज्ञांपैकी एक वयस्क बाई बदललेल्या विषाणूची प्लेट हातात घेऊन बराच वेळ पाहत होत्या. नाकातून द्यायच्या लसीसाठी गारव्यात एवढी चांगली वाढ त्यांना हवीच होती. ती चाचणी कोणी केली, असं त्यांनी विचारलं. तेव्हा चैताली उभी राहिली आणि एकोणतीसची सगळी कथा तिने सांगितली, शाळेसकट. खोलीत कोणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं.

आगाशेंनी पेन उघडलं. नियमाप्रमाणे अहवालात एक रकाना होता : चूक कोणाची?

"माझी," चैताली म्हणाली.

"गुणवत्ता कक्षाची," पूर्णिमा म्हणाली. "आकड्याचा रकाना मी काढला. तो असता तर गेल्या शुक्रवारी सकाळीच कळलं असतं."

दाराशी बोलावून उभे केलेले भीमराव पुढे आले. "माझीपण लिहा, साहेब. थंड का, असं मनात आलं होतं. विचारायला पाहिजे होतं."

दिग्विजयने घसा साफ केला. मूळ विषाणू आपण मोजला नाही, हे त्याने खाली बघत सांगितलं.

आगाशेंनी चौघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बावीस वर्षं चुकांचे मालक शोधतोय. दरवेळी चूक बेवारस निघते. आज एकीला चार वारस." त्यांनी रकान्यावर आडवी रेघ मारली. "पंधरा दिवसांत पुन्हा चाचणी. ओव्हाळ, तापमान तुम्ही ठेवायचं. राजवाडे, तुम्ही आकडा कागदावर लिहून द्यायचा. तोंडाने नको."

समितीने निवड तेवढ्यापुरती थांबवली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी प्लेट बाहेर निघाल्या. वरच्या मजल्यावर संध्याकाळच्या पार्टीसाठी गाणी लावून बघत होते. छत ठेक्यात थरथरत होतं. या वेळी दिग्विजयने प्रत्येक खळगा दोनदा मोजला, मूळ विषाणूपासून सुरुवात करून. २९ अंशांवर बदललेला विषाणू अडुसष्ट, मूळ विषाणू चार. ३९ अंशांवर मूळ विषाणू एक्क्याऐंशी. मग शेवटची प्लेट त्याने उजेडात धरली, फिरवली आणि न बोलता चैतालीच्या हातात दिली.

जांभळा थर या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड होता.

आगाशे दारातूनच म्हणाले, "प्रबंध लिहायला घ्या, राजवाडे," आणि निघून गेले. त्यांच्याकडून याहून मोठं अभिनंदन कोणाला मिळाल्याचं पूर्णिमाच्या ऐकिवात नव्हतं.

चैताली प्लेट खाली ठेवून भीमरावांकडे वळली. पंधरा दिवस तिने त्यांच्याशी बोलायला काय काय जुळवून ठेवलं होतं. त्यांनी समितीपुढे स्वतःची चूक सांगितली त्याबद्दल, खरा आकडा सांगितला त्याबद्दल. आता त्यातलं एकही वाक्य तिला पुरं करता येईना. भीमरावांनीच तिला थांबवलं.

"आभार कसले मानता, ताई? आकडा चुकला खरा. पण तो माझ्यासाठी मराठीत सांगताना चुकला." ते हातमोजे उतरवत होते, एकेक बोट सावकाश. "इतक्या वर्षांत माझ्या आकड्यांना लोक चुकले म्हणायचे. माझ्यासाठी कोणी चुकलं, असं पहिल्यांदाच झालं."